कागद जूनमध्ये द्या

"उजवीकडे बस गो बाय. डावीकडं भाजशील."

काकांनी मला सांगितलेलं हे पहिलं वाक्य. नोकरीचा माझा पहिला दिवस, कंपनीची बस धाटावहून पेणला निघालेली, दुपारचे साडेतीन. मी खिडकी बघून डावीकडे बसायला गेले तर मागून हा आवाज. पन्नाशीचा माणूस, खाकी शर्ट, मांडीवर डबा. मग त्यांनी मला सगळं समजावलं. सकाळी आपण दक्षिणेला जातो, ऊन पूर्वेचं, म्हणजे डावीकडे. दुपारी उत्तरेला येतो, ऊन पश्चिमेचं, म्हणजे परत डावीकडे. "येताना पण डावीकडं आणि जाताना पण डावीकडंच. एकदा उजवी बाजू धरली की जन्माचं काम झालं."

मला वाटलं गमतीचा माणूस आहे. होतेच ते गमतीचे. पण ऊन कुठून येणार याचा इतका हिशोब त्यांनी का ठेवला होता ते मला बऱ्याच महिन्यांनी कळलं.

मी टाईम ऑफिसमध्ये आहे. म्हणजे कोण आलं, कोण गेलं, कोणाची रजा, कोणाचा ओव्हरटाईम, सगळं माझ्या टेबलावरून जातं. पत्रं टाईप करायची ती पण मीच, कारण मराठी टायपिंग माझ्याइतकं फास्ट तिथे कोणाला येत नाही. काका बॉयलर हाऊसला होते. बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट असलेला जुना माणूस, वीस वर्षं तेच काम. राहायला आमच्याच रामवाडीत, कारण काकू पेणच्या शाळेत शिकवतात. मूळ गाव रोह्याच्या पलीकडे, आत, भातशेतीचं. त्यांची शिफ्ट फिरती, त्यामुळे तीन आठवड्यांतून एक आठवडा आमची बस एकच असायची, आणि त्या आठवड्याची सगळी बस वाट बघायची. खरंच सांगते. काका असले की नागोठणं कधी आलं कळायचं नाही.

त्यांना "कसे आहात" असं कोणी विचारायचंच नाही. विचारायचं, "काका, आज कितीवर?"

त्यांच्या बॉयलरच्या प्रेशरचा काटा चालताना दहावर असायचा. त्यामुळे काका पण दहावर. "आज दहावर हाय, पूर्ण स्टीम." "आज साडेआठ. काकू रागावलीय." एकदा म्हणाले, "आज साडेदहा, लांब उभी राहा, सेफ्टी व्हॉल्व्ह उडंल." आणि सगळ्यांना कंटोळ्याची भाजी वाटली, डब्याच्या झाकणात, एकेक घास. श्रावणात रोज काहीतरी असायचं त्यांच्या डब्यात.

शिमग्याला ते गावी जायचे आणि होळीपुढे सगळ्यात मोठ्याने बोंब त्यांची, असं त्यांच्या गावचा एक फिटर सांगायचा. मी विचारलं तर म्हणाले, "मारून घेतो गो. मग पाऊस येईपर्यंत आवाजच निघत नाय." मी हसले. मला तो विनोद वाटला.

एप्रिल आला. पहिल्या शिफ्टचा आठवडा. मी बसमध्ये चढले, ते उजवीकडे पडदा ओढून बसलेले. मी नेहमीसारखं विचारलं, "काका, आज कितीवर?" मला वाटलं ऐकू गेलं नाही, परत विचारलं. माझ्याकडे बघितलं त्यांनी, पण काचेपलीकडून बघतात तसं. वडखळ गेलं, नागोठणं गेलं. मी रुसले. कंपनीच्या गेटवर उतरताना हळूच म्हणाले, "बाय, माझ्यावर रागवू नको. आता आपण जूनमध्ये बोलू."

आणि खरंच, नीट बोलले ते जूनमध्ये. मधले अडीच महिने तो माणूस येत होता, पंच करत होता, बॉयलर चालवत होता, पण शर्ट दोन माप मोठा झाल्यासारखा दिसत होता.

आता तुम्हाला विचारते. तुमच्या ओळखीत असा कोणी आहे का? असेल. तुम्ही त्याला काय म्हणालात? मी सांगते काय म्हणालात. "सगळ्यांनाच उकडतंय." हे वाक्य मी त्या बसमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की आता कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. सब्जा घ्या. कोकम घ्या. उष्णता झालीय, खिशात कांदा ठेवा. पोटात काय जात नाही म्हणून असं वाटतंय. अरे, असं वाटतंय म्हणून पोटात काही जात नाही, हे उलटं का नाही सुचत कोणाला?

लोकांना वाटतं माणूस उदास होतो तो पावसाळ्यात, खिडकीत बसून. उन्हाळा म्हणजे सुट्टी, आंबे, लग्नं, हळदी. मग उन्हाळ्यात उदास व्हायचा परवानाच नाही. आणि काकांचं उदास म्हणजे नुसतं गप्प बसणं नव्हतंच. झोप उडायची. अंगात नुसती तलखी. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे, चिडायचे, मग चिडलो म्हणून तासभर स्वतःवर चिडायचे. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं, जुलैमध्ये, हसत हसत, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं.

डॉक्टरकडे काकूंनी नेलं होतं, खूप आधी. काका म्हणायचे, "डॉक्टर बोलले, कोणाला थंडीत येतं, कोणाला उन्हाळ्यात. हाय असा आजार. मी म्हटलं बरं झालं, मी एकटाच येडा नाय." त्यांना याचा इतका आनंद झाला होता की घरी येताना पेढे घेतले. काकू म्हणाल्या, "पेढेवाल्याने विचारलं काय झालं, तर हे सांगतायत, डिप्रेशन झालं."

मग दोघांनी मिळून उन्हाळ्याची व्यवस्था केली. काका तिला "उन्हाळ्याचं शेड्यूल" म्हणायचे, शटडाऊनचं असतं तसं. होळीच्या आधीच खिडक्यांना जाड काळी कापडं. पहाटे चालायला जायचं, सूर्य वर यायच्या आत परत. गोळी. दिवसातून तीन वेळा मोबाईलवर गजर, गजर झाला की खायचं, भूक असो नसो. कपाटावर काकूंच्या शाळेतल्या खडूने पाच ओळी: आंघोळ, नाश्ता, गोळी, एका माणसाशी बोलणे, झोप. चौथी ओळ मी होते बऱ्याचदा. मला माहीत नव्हतं. बसमध्ये मला जे दोन शब्द बोलायचे ना, "आलीस काय," ती त्यांची चौथी ओळ असायची. हे काकूंनी सांगितलं तेव्हा मला कसं झालं ते इथे लिहीत नाही.

आणि सगळ्यात मोठा नियम. शिमगा ते पाऊस, कुठलाही निर्णय घ्यायचा नाही.

कुठलाही म्हणजे कुठलाही. काकूंनी एकदा मे महिन्यात फ्रीज बघून ठेवला, जुना बंद पडला होता. काका म्हणाले जूनमध्ये. "जूनमध्ये फ्रीज कशाला, गारव्याला?" काकूंनी विचारलं. पण थांबल्या. महिनाभर शेजाऱ्यांकडून बर्फ आणला आणि जूनमध्ये, सगळीकडे गारठा, तेव्हा रिक्षातून फ्रीज आला. अख्खी चाळ हसली.

नियमाचं कारण फणस होतं. गावच्या घरामागे फणसाचं मोठं झाड, वडिलांनी लावलेलं. एका मे महिन्यात दुपारी त्यावर कावळे ओरडत होते, आणि काकांना ते इतकं असह्य झालं की त्यांनी माणसं बोलावली आणि झाड पाडून घेतलं. एका दुपारीत. "जूनमध्ये मागच्या दारी गेलो तर बुंधा. मी बायकोला इचारलं, कोणी तोडला? तिनं माझ्याकडं बघितलं. मग आठवलं." पुढे म्हणाले, "तो मीच होतो गो, पण मी नव्हतो. म्हणून त्या माणसाला मी सह्यांचा अधिकारच ठेवला नाय."

हे नीट लक्षात घ्या. माणूस वेडा नव्हता. बेजबाबदार नव्हता. स्वतःला इतकं ओळखणारा माणूस मी आमच्या कंपनीत दुसरा बघितलेला नाही, आणि मोठमोठ्या डिग्रीवाले आहेत तिथे.

आता आमच्या कंपनीचं सांगते. मे महिन्यात माझ्या टेबलावर रजेच्या अर्जांचा ढीग. कारण: लग्न. सोबत पत्रिका जोडायची, पत्रिका असली की रजा मंजूर. त्यामुळे पत्रिका हातोहात फिरतात. एकाच पत्रिकेवर मी सहा जणांची रजा बघितलीय, चार मुलाकडचे, दोन मुलीकडचे. सगळ्यांना माहितीय. साहेबांना पण. हसतात आणि सही करतात.

काका अशी रजा घ्यायचे नाहीत. पावसात, दिवाळीत एकही रजा न घेता साठवायचे आणि उन्हाळ्यात एकेक करून वापरायचे. कारणात लिहायचे "वैयक्तिक". असे दोन उन्हाळे मी बघितले.

तिसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या मध्यावर, ते शिफ्ट संपताना माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "नियर मिसचा फॉर्म दे."

नियर मिस म्हणजे अपघात होता होता राहिला, तर तो लिहून द्यायचा. आमच्याकडे याचं फार कौतुक. गेटवर बोर्ड, महिन्याला किती फॉर्म आले त्याचा आकडा, सेफ्टीच्या मीटिंगमध्ये टाळ्या. साहेब दर वेळी सांगतात, लपवू नका, लिहा, लिहिणाऱ्याला काही होणार नाही, उलट तो कंपनीचा मित्र. मी फॉर्म दिला. काकांनी तिथेच उभं राहून भरला, हळूहळू, एकेक अक्षर दाबून.

मी वाचला. ठिकाण: बॉयलर हाऊस. काय घडलं: बॉयलरला पाणी देणारा फीड पंप हातावर घेतला होता, परत ऑटोवर टाकायला विसरलो. पातळी दाखवणाऱ्या ग्लासातलं पाणी खाली गेलेलं दिसलं. अलार्मच्या आधी पंप ऑटोवर टाकला. नुकसान नाही. कारण: ऑपरेटरचं मन जागेवर नव्हतं. ऑपरेटरला दर उन्हाळ्यात डिप्रेशन येतं, डॉक्टरची चिठ्ठी जोडली आहे. उपाय: ऑपरेटरला पंधरा जूनपर्यंत पॅनेलवरून हलवून दुसरं काम द्यावं.

"काका, हे नका देऊ," मी म्हटलं.

"का?"

"रजा घ्या ना. मी पत्रिका देते. माझ्या मावसभावाची आहे."

"त्याचं लग्न झालं की. मागच्या वर्षी."

"तारीख कोण बघतंय."

"आणि मी कोण लागतो त्याचा?"

"नवरीचा मामा."

जरा हसले. त्या महिन्यातलं तेवढंच. मग म्हणाले, "बाय, एवढ्या रजा नाय आता माझ्याकडं. आणि बॉयलरला खोटं चालत नाय. ते बोलले ना, लिहा. मग लिहिलं."

त्याच आठवड्यात दुसऱ्या प्लांटचा एक ऑपरेटर दोन रात्री हळदीत नाचून आला आणि पॅनेलसमोर खुर्चीत झोपला. सुपरवायझरने तोंडावर पाणी मारून उठवला. सगळे हसले. "हळदीची झोप हाय, सोड." त्याचा फॉर्म नाही, नोंद नाही, काही नाही. तो आजपण पॅनेलवर आहे. मी त्याच्यावर चिडलेली नाहीये. पोरगा चांगला आहे. मला फक्त कोणीतरी सांगा की नाचून मन जागेवर नसलं तर चालतं आणि आजारी असून नसलं तर नाही, हा नियम कुठे लिहिलाय.

काकांचा फॉर्म सेफ्टीतून एचआरच्या साहेबांकडे गेला. मीटिंग झाली. एकाने विचारलं, वीस वर्षं असा माणूस बॉयलरवर होता? जसं काही वीस वर्षांत बॉयलर उडाला होता. खरं तर वीस वर्षांत एकदा विसर पडला आणि तो त्यांनी स्वतः येऊन सांगितला. बॉयलर हाऊसमधले जे काल त्यांच्या डब्यातली भाजी खात होते ते बाजूने जाताना आवाज न करता चालायला लागले. एकाने तर मला विचारलं, "अंगावर येतात काय गो?"

काकांना स्टोअरमध्ये बसवलं. आता तुम्ही म्हणाल, तेच तर मागितलं होतं त्यांनी. हो. आणि तेवढ्यावर थांबले असते तर मी हे लिहायला बसले नसते.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, एक राजीनामा टाईप करायचाय, मराठीत, साधा, चार ओळी. नाव सांगितलं.

मी टाईप केला. दुसऱ्या कोणाला पंधरा मिनिटं लागली असती, मला तीन लागली. "प्रकृतीच्या कारणास्तव मी माझ्या पदाचा स्वेच्छेने राजीनामा देत आहे." ज्या माणसाला मे महिन्यात चहाची इच्छा होत नव्हती, जो गजर झाला म्हणून पोळी तोंडात घालत होता, त्याच्या नावावर मी स्वेच्छेने लिहिलं. प्रिंट काढली. केबिनमध्ये घेऊन गेले.

काका खुर्चीच्या टोकावर बसलेले. एसी चालू होता तरी मान घामाने चमकत होती. साहेब चांगलं बोलत होते, हे पण सांगायला पाहिजे. ओरडत नव्हते.

"हे बघा, आपण माणुसकीच्या दृष्टीने विचार करतोय. तुम्हालाही आराम, आम्हालाही काळजी नाही. उद्या काही झालं तर तुमच्या फॉर्ममुळे आम्हीच अडकणार ना?"

"साहेब," काका म्हणाले, "कागद जूनमध्ये द्या."

"जूनमध्ये का?"

"सही करीन नायतर नाय करीन. पण जूनमध्ये सांगीन."

"अहो, ऑडिट आहे पुढच्या आठवड्यात. आता एका महिन्याने काय फरक पडणार आहे?"

मला माहीत होतं काय फरक पडणार होता. त्या खोलीत काकांशिवाय फक्त मलाच माहीत होतं. मी म्हटलं, "साहेब, काका ना, मे महिन्यात..."

साहेबांनी वर बघितलं. "काय?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

हे मी लिहून ठेवतेय. साहेबांवर, युनियनवर, बसमधल्या सगळ्यांवर मी एवढी तोंड वर करून बोलतेय, तर हे पण इथेच असू दे. मी म्हटलं, काही नाही. माझी नोकरी कन्फर्म व्हायची होती.

युनियनच्या माणसाला मी प्रिंट निघत असतानाच फोन केला होता. तो लग्नात होता. मागे बँड वाजत होता. म्हणाला, सोमवारी बघू.

काकांनी कागद हातात घेतला. वाचला की नाही सांगता येणार नाही, डोळे एकाच ओळीवर होते. मग त्यांनी साहेबांना एकच प्रश्न विचारला.

"सही केली तर घरी जाता येईल?"

"हो, अगदी लगेच. बसची वाट पण बघू नका, गाडी देतो."

त्यांच्या खिशातलं बॉलपेन चाललं नाही. माझं दिलं.

पुढच्या सोमवारी बसमध्ये कोणीतरी म्हणालं, बरं झालं बिचारा सुटला, त्याला झेपत नव्हतं. दुसरा म्हणाला, बायकोचा पगार आहे, त्याला काय. मी डोळे मिटून बसले. नव्या अटेंडंटला घेतलं कंत्राटावर. आणि फॉर्म? फॉर्म अजून येतात भरपूर. पायरीवर ऑईल सांडलं होतं. नळीला क्लिप नव्हती. दिव्याचा बल्ब गेला होता. माणसाचं काही झालं असा एकही फॉर्म तेव्हापासून माझ्या टेबलावर आलेला नाही, आणि गेटवरच्या बोर्डावर आकडा मात्र वाढतोय. झोप न लागणारे दोघं-तिघं आहेत, मला चेहऱ्यावरून कळतं आता. ते बरोबर शिकलेत. पत्रिका आणतात.

श्रावणात एका रविवारी काकू म्हणाल्या, गावी जाते, येतेस का. काका जूनपासून गावीच होते. एसटीने रोह्याला, कुंडलिकेचा पूल, पुढे सहाआसनी रिक्षा. वाटलं, समोर कसं उभं राहायचं.

त्या रविवारी एक पत्र लिहिलं गेलं, त्याला कंपनीने काय उत्तर दिलं, ते आधीच सांगून टाकते, कारण शेवट त्या उत्तराने करायची माझी तयारी नाही. उत्तर एका ओळीचं होतं. स्वेच्छेने दिलेला राजीनामा मागे घेता येत नाही. ते पण मीच टाईप केलं. त्या वेळी मी साहेबांना म्हटलं, साहेब, हे चुकीचं आहे, आणि का ते पण पूर्ण सांगितलं, सगळं, उभं राहून. तीन महिने उशिरा. साहेब म्हणाले, तू लहान आहेस अजून. काकू आता वकिलाला विचारतायत.

पण तो रविवार.

काका खाचरात होते. भातातलं गवत काढत होते, सोबत भावकीतल्या चार बायका, आणि काहीतरी सांगून त्यांना हसवत होते, इतकं की एक जण बांधावर बसली होती पोट धरून. पोटऱ्यांपर्यंत चिखल. मला बघितलं आणि लांबूनच ओरडले, "काय गो बाय, कंपनी बंद पडली काय माझ्याबिगर?"

काकूच म्हणाल्या, "ती रडतेय, आधी बाहेर या."

आले. बांधावर बसले. पायाचा चिखल काठीने खरवडत होते. मी म्हटलं, काका, मी बोलायला पाहिजे होतं. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही.

"व्हय," म्हणाले. "बोलायला पाहिजे होतंस."

नाही गो, तुझा काय दोष, असं म्हणतील असं मला वाटलं होतं. म्हणाले नाहीत. आणि मला त्याबद्दल त्यांचा राग आला नाही, उलट पहिल्यांदा बरं वाटलं.

"मला तो दिवस आठवतोय," म्हणाले. "तो एसीचा आवाज आठवतोय. मला एवढंच कळत होतं की तो बंद व्हायला पाहिजे. बाकी काय नाय. साहेबानं घराचा कागद पुढं केला असता तरी सही केली असती." काकूंनी मान दुसरीकडे वळवली.

"टायपिंग अजून तसंच फास्ट हाय काय तुझं?"

मी मोबाईल काढला.

ते सरळ बसले. हात धुतलेले नव्हते म्हणून गुडघ्यांवर उलटे ठेवले. आणि सांगायला लागले, न थांबता, जसं काही दोन महिने तोंडपाठ करत होते. मी जसंच्या तसं टाईप केलं, एक शब्द बदलला नाही.

"लिही. बॉयलरचं बटण दाबायला माझं मन जाग्यावर नाय, हे मी एप्रिलमध्ये तुमच्याच फॉर्मवर लिहून दिलं. ते तुम्ही खरं मानलं आणि मला पॅनेलवरून काढलं. बरोबर केलं. मग त्याच मनाची सही मे महिन्यात तुम्हाला कशी चालली?"

मी वर बघितलं. काकू पण बघत होत्या. बायका गवत काढायच्या थांबल्या होत्या.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं."

"आजची तारीख घाल. मोठी घाल." मग चिखलाच्या हाताने स्क्रीनकडे बोट केलं, लांबूनच, फोन खराब होऊ नये म्हणून. "आणि शेवटी लिही, आता मी बरा हाय. आता इचारा."